दाजींचं बिल

पिवळ्या कागदाची ती चिमुकली पट्टी, बोटाच्या पेराएवढी, टोकाला बाण छापलेली, रेश्माच्या अंगठ्याला चिकटली होती आणि काही केल्या सुटत नव्हती. जिथे जिथे सही हवी तिथे तिथे बँकेतल्या मॅडमनी अशा पट्ट्या लावून ठेवल्या होत्या. सही झाली की रेश्मा ती पट्टी हलकेच सोडवायची आणि टेबलाच्या कडेला ओळीनं लावायची – घरी न्यायची असल्यासारखी – आणि प्रभंजन शेजारच्या खुर्चीत बसून तिची सही बघत होता. ती कन्नडमध्ये सही करते. धारवाडकडच्या अळणावर गावच्या शाळेत शिकली, तिथे सगळं कन्नड. त्या गोल गोल अक्षरांत आपलं आडनाव बसलेलं पाहिलं की त्याला अजून मौज वाटते. आजही वाटली. मग मौज वाटल्याची थोडी लाज वाटली.

घर दोघांच्या नावावर होतं, गोकुळ रोडच्या मागच्या बाजूला, पुढे दोन नारळ. घेताना रेश्माच्या पाटल्या गेल्या होत्या. कर्ज आता कुठे आटोक्यात आलं होतं, आणि त्याच घरावर पुन्हा वाढीव कर्ज काढायला दोघं लॅमिंग्टन रोडच्या या बँकेत येऊन बसली होती – तीन क्रेडिट कार्डांची देणी भागवायला. कार्ड तीन महिन्यांत जेवढं व्याज खातं तेवढं घराचं कर्ज वर्षभरात खातं, हा हिशेब भांड्यांच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होता. तरी मॅडमनी समजावलाच, आणि प्रभंजननं शहाण्या मुलासारखी मान हलवली.

"पैसे तुमच्या हातात नाही येणार हं सर," त्या म्हणाल्या. "थेट कार्डांच्या खात्यात जातील. मग कार्डं बंद करायची."

"बरंच की," तो म्हणाला. "माझ्या हातांचा भरवसा नाही."

मॅडम हसल्या. रेश्मा हसली नाही. तिची पट्टी एकदाची सुटली होती.

भरवसा नाही हे खरंच होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, एकदा शेअर घेतले होते तेही भिऊन विकले... कुणाला सांगावं तर पटायचंही नाही की हा माणूस बुडाला तो लोकांच्या जेवणाची बिलं देऊन. दुकानात तो पक्का. जुन्या पातेल्याची मोड घेताना तराजूचा काटा डोळ्यांत तेल घालून बघणार, गिऱ्हाईक उठून दारापर्यंत गेलं तरी पाच रुपये सोडणार नाही. पण तेच गिऱ्हाईक संध्याकाळी हॉटेलात शेजारच्या टेबलावर दिसलं की याच्या अंगात काहीतरी संचारायचं. बिलावरून 'मी देतो, मी देतो' अशी ओढाताण सगळीच माणसं करतात. ती वरवरची असते, दोनदा हात पुढे करायचा आणि तिसऱ्यांदा मागे घ्यायचा. प्रभंजनला हे 'मागे घ्यायचा' कधी शिकताच आलं नाही. हात धुवायच्या निमित्तानं उठावं, गल्ल्यावर डोळ्यांनीच खूण करावी, परत येऊन निरागसपणे बडीशेप चघळत बसावं, आणि समोरच्यानं पाकीट काढलं की वेटरनं म्हणावं, 'आगलेच झालं' – केव्हाच दिलं – त्या क्षणी समोरच्याचा जो चेहरा व्हायचा! प्रभंजनच्या कानांच्या पाळ्या सुखानं गरम व्हायच्या. खिशात नोटा होत्या तोवर खिसाच त्याला आवरायचा. कार्ड आलं आणि खिशाचा तळ गेला. मामेभावांची सहल, शेजाऱ्यांचा फराळ, कुणाच्या बारशाचा हॉल – 'अण्णा आहे की!' – आणि अण्णा, म्हणजे प्रभंजन, होताच. पहिल्या कार्डाचं भरायला दुसरं आलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं.

रेश्माला त्यानं सांगितलं ते गच्चीवर, ती सांडगे उलटत होती तेव्हा. आकडा सांगितला. ती एकेक सांडगा उलटत राहिली, पूर्ण एक ओळ. मग म्हणाली, "घर आहे की आपलं." एवढंच. तो रडायच्या बेतात होता आणि नेमका तेव्हाच एक कावळा सांडग्यांवर उतरला, त्याला हाकलायला दोघं एकदम उठली, आणि दोघांना हसू फुटलं. हसून झाल्यावर तिनं अट घातली. "दीपालीताई आणि दाजी जेवायला बोलावताहेत, त्यांच्या प्रियांकाला नोकरी लागली म्हणून. ते बिल दाजींनी द्यायचं. तुम्ही नाही. मी पुन्हा एकदा घर गहाण ठेवतेय, मला असं एक जेवण बघायचंय."

ते जेवण आज होतं. बँकेतून थेट देशपांडे नगरला.

स्कूटरवर मागे बसलेल्या रेश्मानं कार्ड मागून घेतलं नव्हतं – हेच त्याला टोचत होतं. दोन कार्डं घरी कपाटात होती, पण तिसरं अजून चालू, शर्टाच्या खिशात, छातीला लागून. तिनं मागितलं असतं तर भांडता आलं असतं. आणि तिला काय, तिला समजत नाही असं थोडंच आहे, की दाजी म्हणजे जावई – जावयाला बिल द्यायला लावायचं? माहेरचा माणूस समोर जिवंत बसलेला असताना? दीपालीला, सख्ख्या बहिणीला काय वाटेल, भाचीला काय वाटेल... रस्त्यावर ऊन छान पडलं होतं, गाडी बरी पळत होती, आणि मॅडमनी 'दोन दिवसांत होऊन जाईल' म्हटल्यापासून आत कुठेतरी एक घट्ट गाठ सैल होत होती, हेही खरंच. त्याला शीळ घालावीशी वाटत होती आणि गाडी परत वळवावीशीही, दोन्ही एकदम.

संतोष दाजींचं कलघटगीत बी-बियाणांचं दुकान. माणूस मितभाषी, आवाज हळू. आज इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉटेलच्या दारातच उभे होते. "या अण्णा, या वहिनी. मागवा की, काय हवं ते मागवा." टेबलावर भाकरी आल्या, भरली वांगी आली, शेंगदाण्याची चटणी, दही. दीपाली लेकीच्या बंगळूरच्या खोलीच्या भाड्यावर बोलत होती, प्रियांका मामाला नव्या ऑफिसचा फोटो दाखवत होती, आणि प्रभंजन खरंच पोटभर हसत होता, चटणीवर तेल मागत होता. जेवण संपत आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून गल्ल्याकडे बघतोय.

गल्ल्यावरच्या गुरुराजनं ते पाहिलं. वर्षानुवर्षांची ओळख. तो स्वतः उठून टेबलापाशी आला, नेहमीसारखा कानाशी वाकला आणि नेहमीचंच कन्नडमध्ये विचारलं, "बिल निमगं कोडलि, अण्णा?" – बिल तुम्हालाच देऊ ना?

हात उठला. खरंच उठला, खिशाच्या दिशेनं, त्याला कुणी न विचारता. रेश्मा ताकाची वाटी तोंडाला लावून दुसरीकडेच बघत होती – ती काही बोलणार नव्हती, आज नाही, घरी गेल्यावरही नाही, आणि तेच त्याला सोसवणार नव्हतं. बँकेच्या कागदांवरची गोल गोल अक्षरांतली सगळी आडनावं त्याला एकदम दिसली. हात वाटेतच वळला आणि भाकरीच्या तुकड्यावर उतरला.

"दाजींना द्या," तो म्हणाला.

गुरुराजला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा विचारलं, प्रभंजननं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून अवघड गेलं. मग करायला काही उरलं नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, की बिल न देणाऱ्या माणसाला त्या वेळात काय करायचं असतं! तो हात धुवायला उठला. नळ सोडला, साबण लावला, पुन्हा लावला, आणि आरशात बघितलं तर... अप्पा. लहानपणी एकदा धारवाडच्या हॉटेलात त्याचे वडील असेच वाकून हात धूत होते, धूतच होते, आणि टेबलाशी बसलेले काका नोटा मोजत हसत होते, "तुझे अप्पा अजून हातच धुतायत रे." तो तेव्हा शाळेत होता. मग अप्पा ओल्या हातांनी आले आणि म्हणाले, "जेवण छान झालं हं." त्या वाक्याची त्याला इतकी लाज वाटली होती, की पुढचं सगळं आयुष्य, सगळी हॉटेलं, सगळी कार्डं...

तो परत आला तेव्हा दाजी बिल देत होते. कार्ड नाही; पाकिटातून नोटा काढून, एकेक बोटानं सरळ करून. चुकून जास्त ठेवल्या, उचलल्या, मग राहू दे म्हणून तिथेच ठेवल्या. एवढा अबोल माणूस, पण सगळ्यांनी आइस्क्रीम खायलाच पाहिजे म्हणून त्यांनी गुरुराजला मोठ्यानं हाक मारली. आणि प्रभंजननं त्यांचे कान पाहिले. लाल झाले होते, पाळ्यांपर्यंत. ते सुख त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. इतकी वर्षं दर जेवणाला त्यानं ते यांच्या ताटातून उचललं होतं आणि वर तो स्वतःला उदार समजत आला होता. काकाही कदाचित... काका अप्पांना हसले असतील, की नुसतेच खुशीत असतील, असे लाल कान घेऊन? विचारायला आता दोघंही नव्हते. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता दाजींचा हेवा वाटला, सरळ, लपवता न येण्यासारखा.

"पुढच्या खेपेलाही मीच हं अण्णा," दाजी म्हणाले.

हप्ते पुष्कळ वर्षांचे होते. तितकी वर्षं हे सुख दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघत बसायचं... जमेल का? त्यानं रेश्माकडे पाहिलं. ती आता सरळ त्याच्याकडेच बघत होती, डोळ्यांनी हसत. तो खुर्चीत बसला. हात अजून ओले होते.

"दाजी," तो म्हणाला, "जेवण छान झालं हं."

हे वाक्य त्यानं जन्मभर ऐकलं होतं, म्हटलं कधीच नव्हतं. आवाज हुबेहूब अप्पांचा आला. तो लाज वाटायची वाट बघत राहिला – ती आली नाही... की आली होती, आणि आइस्क्रीमच्या पहिल्या चमच्याबरोबर तीही गोडच लागत होती?