मुदतीचा रकाना

परभाषा शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा मी अकराव्यांदा टाइप करत होते. समितीचे नऊ सदस्य तीन दिवस एकाच वाक्यावर अडून बसले होते: प्रत्येक नागरिकाला परकी भाषा किती यायला हवी? एक म्हणाले, वर्तमानपत्र वाचण्याइतकी. दुसरे म्हणाले, करारमदार करण्याइतकी. माझं डोकं उठलं होतं.

अध्यक्षांची मुलगी परदेशात स्थायिक झालेली, नातीला आपली भाषा येत नाही. दर रविवारी नातीचा फोन येतो आणि ती बोलते तेवढा वेळ आजोबा नुसतं "हो, हो" करत राहतात, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी कागद पुढे ओढला, दोन्ही वाक्यं खोडली आणि लिहिलं, 'नातवंडाला आज काय खाल्लंस असं विचारता यावं आणि त्याचं उत्तर कळावं.'

कुणी हरकत घेतली नाही. इतकं सरळ वाक्य समितीसमोर आजवर आलंच नव्हतं.

मी विचारलं, "साहेब, मुदतीच्या रकान्यात दहा वर्षंच ठेवू ना?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज गुरुवार ना, बाई? मग रविवार टाका."