शटरखाली ठेवलेली बोटं

दुकानासमोर इतकी गर्दी होती की सायकल जायलाही वाट नव्हती. आमच्या गल्लीत सगळी पंप दुरुस्तीची दुकानं, आणि झाडून सगळे दुकानदार कामं टाकून आले होते. आत, इंटरनेटवर दुकान वर आणून देतो म्हणणारे शोधगुरू दोन्ही हातांनी पाइपाचा मोठा पाना उगारून आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर घाव घालत होते. काच फुटली, पत्रा आत गेला, तारा आतड्यांसारख्या बाहेर लोंबल्या. दर घावाला गर्दी दचकायची आणि पाऊलभर पुढे सरकायची.

"अल्गोरिदम कोपलाय," घाम पुसत गुरू म्हणाले. "साइट जुनी झाली की तिच्यात दोष मुरतो. त्यातून बनवणाऱ्यानेच गाठ मारून ठेवलेली. घावाशिवाय सुटेल कशी?"

वर्षभर आमचं दुकान इंटरनेटवर गिऱ्हाइकाला सापडत नव्हतं. दिवसभर वाजणारा फोन मुका झाला होता. पण साइट काही त्या डब्यात राहत नव्हती. ती दूर कुठेतरी भाड्याच्या सर्व्हरवर होती. मी तसं म्हणूनही पाहिलं. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोरीकडे बघा."

गुरूंनी आपल्या फोनवर दुकानाचं नाव टाकलं आणि पडदा गर्दीकडे फिरवला. आमची साइट पहिली! टाळ्या पडल्या. शेजारचा दुकानदार तर हात जोडून म्हणाला, "महाराज, उद्या माझा फोडा."

"फोडू. पण गाठ मारणारा मोकळा राहिला तर पुन्हा मारेल," गुरू म्हणाले. "कबुली घ्या त्याची."

गाठ मारणारा म्हणजे साइटवाले काका. गल्लीच्या टोकाला एका खोलीत बसून सगळ्या दुकानांच्या साइट त्यांनीच बनवलेल्या. गुरूंची लबाडी ओळखेल असा गल्लीत तो एकच माणूस होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझी लेक चालायला शिकली ती त्यांचं बोट धरून.

दिरांनी त्यांना कॉलर धरून फरफटत आणलं. ओठ फाटला होता, शर्टावर रक्त होतं. दिरांनी त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"बोल, काय करून ठेवलंस?"

"अरे, वर्षभर मी तुमच्या साइटीला हात लावला नाही. तूच म्हणालास, गरज नाही."

शटर खाली आलं. आवाज लोखंडाचा होता, आणि त्याच्या आत एक बारीक, वेगळा आवाज होता. तो अजून माझ्या कानातून जात नाही. शटर पुन्हा वर गेलं तेव्हा काकांची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"आता उरलेली," दीर म्हणाले.

कडेवरची लेक किंचाळून रडायला लागली. मी तिला सासूबाईंच्या हातात दिलं, उंबऱ्यावर बसले आणि काकांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला.

"भाऊजी, ओढा आता. दोघांची एकदम होऊन जाऊ देत."

"वहिनी, उठा."

"उठते. आधी गुरूंना माझ्या फोनवर एक चमत्कार करू द्या. गुरुजी, शेजारच्या दुकानाचं नाव टाका."

"त्यांची बाधा अजून उतरवलेली नाही," गुरू म्हणाले.

"म्हणूनच टाका."

ते हलेनात, तेव्हा मोकळ्या हाताने मीच टाकलं. शेजाऱ्यांची साइट पहिली. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"पण माझा कॉम्प्युटर तर अजून धड आहे," शेजारी म्हणाले. मागे कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं.

"नाव घेऊन हाक मारली की कुणीही ओ देतो. त्यात चमत्कार कसला? आई, ज्याला आपलं नावच माहीत नाही, त्याचा पंप बंद पडला तर तो काय टाकेल?"

"पंप दुरुस्ती," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय, आपल्या खानदानाची नावं टाकणार आहे?"

तेवढंच टाकलं. पानामागून पान सरकवलं, आम्ही कुठेच नव्हतो. गुरू दाराकडे सरकू लागले.

"काका, असं का होतं?"

दात आवळून काका म्हणाले, "त्या पंपावरचा स्टिकर बघ."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपावर आम्ही स्टिकर लावतो, त्यावर साइटीच्या दुरुस्तीच्या पानाचा पत्ता. तो टाकला. पडद्यावर आलं: हे पान अस्तित्वात नाही.

दिरांचा हात शटरवरून सुटला.

"मी वर्षापूर्वी नवं रूप दिलं होतं साइटीला," ते पुटपुटले. "पानांची नावं जरा बरी केली होती."

म्हणजे जणू दुकान हलवलं आणि जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटीच लावली नाही. लोकांनी इतकी वर्षं ज्या पत्त्याकडे बोट दाखवलं, तिथे शोधयंत्र यायचं, कुलूप बघायचं आणि परत जायचं. जुन्या पानाने कमावलेला मान नव्या पानाला मिळालाच नाही. भरीला दिरांनी चढवलेले फोटो इतके जड की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळायचं. ही एवढीच गाठ, आणि ती घरातच मारलेली.

आता शेजाऱ्यांनी तोच पाना उचलला आणि गुरूंना भिंतीशी दाबलं. काका उंबऱ्यावरूनच म्हणाले, "नको. डबा फोडून साइट सापडली नाही, डोकं फोडून काय सापडणार?"

पोलीस गुरूंना घेऊन गेले, आणि दिरांनाही. मी जबानी दिली. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा लेकीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हात तरी कसा ठेवलास गं?" तेवढंच.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून काका सांगत गेले, मी टाइप करत गेले. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे वाट करून दिली, फोटो हलके केले. आम्ही लगेच वर आलो नाही. हळूहळू आलो, एकही घाव न घालता.

काकांची दोन बोटं वाकडीच राहिली. लेक गल्लीतून चालताना नेमकं वाकडंच बोट धरते. पकडायला सोपं जातं म्हणे.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला, तर ज्याच्यावर तो केलेला नाही त्याच्याकडेही बघा. तिथेही तेच घडत असेल, तर चमत्कार नाही. आणि हे बघायला अर्धं मिनिट लागतं. शटर ओढण्याआधी तेवढं द्या.