रणजीतची ड्रॉइंग्ज

मी स्वतःला फार शहाणा समजत होतो, हे आधीच सांगून टाकतो.

भाग्यलक्ष्मीअक्का माझी घरमालकीण. नवरा रणजीत वारल्यावर पीण्या औद्योगिक वसाहतीतलं साच्यांचं वर्कशॉप ती सांभाळू लागली. सासरे विठोजीअण्णा यांनी तिला सहा महिन्यांची मुदत दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर वर्कशॉप विकायचं. रणजीतने अकरा वर्षांत काढलेली साच्यांची ड्रॉइंग्ज तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर होती, सिनेमे आणि फोटोंच्या ढिगाऱ्यात. डिस्क तुडुंब भरलेली.

मी ऐटीत पायथनचा प्रोग्राम लिहून दिला. चालवताना ज्या फाइलींची नावं द्याल त्या राहतील, बाकीच्या कायमच्या उडतील. शेकडो नावं कोण लिहीत बसणार? म्हणून नावाच्या जागी चांदणीची खूण आणि पुढे ड्रॉइंगच्या फाइलींचं एक्स्टेन्शन घातलं, म्हणजे सगळी ड्रॉइंग्ज. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर दोनदा चालवून पाहिलं.

"आधी कॉपी काढून ठेवायची का रे?" अक्काने विचारलं.

"आधी जागा तर होऊ दे. आणि मी लिहिलंय तसंच टाइप करा, एक अक्षरही बदलू नका."

तिने बदललं नाही.

लिनक्सवर चांदणी प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, वाटेतच तिच्या जागी सगळ्या ड्रॉइंग्जची नावं येतात. वर्कशॉपात विंडोज. तिथे चांदणी तशीच आत गेली. त्या नावाची फाइल असणार कुठून? ठेवण्याजोगं काहीच नाही असं समजून प्रोग्रामने सगळं पुसलं. कॉलेजातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला सॉफ्टवेअरमधल्या दहा वर्षांच्या नोकरीनंतर आठवलं नाही, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

शिवाजीनगरच्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. हाती लागले फक्त लग्नातले काही फोटो.

"कुणी केलं हे?" विठोजीअण्णांनी विचारलं.

"माझंच स्वल्प चुकलं असणार, मामंजी," अक्का म्हणाली. "निहारने सरी, अगदी बरोबर लिहून दिलं होतं." मग माझ्याकडे वळून, "हो ना रे?"

एवढंच सांगायचं होतं की चूक माझी आहे. माझी मलाच किळस आली, तरी बोललो ते असं, "होतं कधीकधी, अक्का."

विठोजीअण्णांनी हात पुढे केला. तिने कमरेचा वर्कशॉपच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.