बद्द की रद्द?

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. म्हणजे होतो. आता गुडघ्याएवढा बुंधा उरलोय आणि चपलेत गेलेला खडा काढायला लोक माझ्यावर टेकतात. टेकू देत. पण आधीच सांगतो, मी पोकळ नव्हतो. एवढं एक ऐकून घ्या, मग बाकीचं ऐका नाहीतर सोडून द्या.

आमच्या शहरात रस्त्याच्या वरून, उंच पुलावरून धावणारी रेल्वे होती. तिचे साठ खांब. मी सत्तेचाळिसावा, वळणावरचा. वळणावरच्या खांबाला गाडी नुसती खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. म्हणून माझ्या पोटात सळया जास्त भरल्या. सळयांचा पिंजरा उभा केला, भोवती फळ्या ठोकल्या आणि सकाळी सुरू केलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत एका दमात ओतलं. मिस्त्रीने सगळ्यांना बजावलं होतं, मध्ये थांबलात तर सांधा राहील, आणि सांधा राहिला तर हा खांब मला जन्मभर शिव्या घालील. त्या दिवशी कोणी धड जेवलंही नाही. पुढे एकवीस दिवस मला पाणी पाजलं. एवढे लाड कोणाचे होतात हो?

मग गाडी आली. पहिल्या दिवशी लोकांनी माझ्या अंगावरून हात फिरवले, माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर जाहिराती चिकटवायला लागले. चालायचंच. खांबाकडे कोण बघतं? तो पडला तर बघतात, आणि मी पडणाऱ्यातला नव्हतो.

दोन माणसं मात्र माझी होती. एक शिवणताई. तिचं शिलाई मशीन माझ्या सावलीत असे. लोक सकाळी गाडीला जाताना विजार उंच करायला टाकत आणि संध्याकाळी परतताना घेऊन जात. तिचं सगळं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून येणारं. दुपारी काम नसलं की ती मला पाठ टेकून डुलकी काढायची.

दुसरे कानवाले. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण सगळे त्यांना कानवालेच म्हणत. खांबांची तपासणी त्यांच्याकडे होती. दर तीन महिन्यांनी ते लहान हातोडी घेऊन येत, कान माझ्या अंगाला लावत आणि खालपासून वरपर्यंत ठोकत जात. आवाज चांगला आला तर म्हणत, खणखणीत. कुठे वरचा गिलावा सुटला असला तर आवाज बसका येतो. बाजारात मडकं वाजवून घेताना तुम्ही म्हणता ना, हे बद्द वाजतंय, अगदी तसा. मग ते तिथे खडूने लिहीत, ‘बद्द’. दुसऱ्या दिवशी गवंडी येई, तेवढा पोपडा काढून नवा गिलावा थापून जाई. बद्द म्हणजे वरची साल सुटली, एवढंच. खांब वाईट झाला असं नव्हे. हे कानवाल्यांना माहीत, गवंड्याला माहीत, मला माहीत, आणि ऐकून ऐकून शिवणताईलाही माहीत.

सव्वीस वर्षं ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत आले, ‘खणखणीत आहेस रे बाबा.’ मी खुळा त्यावर फुगायचो.

मग शहरात वाद पेटला. गाडी वरून हवी की जमिनीखालून? तिसऱ्या मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, गाडी आमच्या स्वयंपाकघरात डोकावते, भाजी चिरताना शंभर माणसं बघतात. दुकानदार म्हणाले, खांब गेले तर रस्ता मोकळा होईल. रोज जाणारे म्हणाले, वरून निदान ऊन दिसतं, कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते दिसतं. भुयारात काय दिसणार, काचेत स्वतःचंच तोंड! आज विचाराल तर सांगीन, दोघांचंही खरं होतं. तेव्हा मात्र मला तिसऱ्या मजल्याचा भयंकर राग आला होता.

शेवटी रेल्वेच्या प्रमुखबाईंनी निवाडा केला. सगळे खांब तपासा. साठही धड असतील तर गाडी वरूनच राहील. एकही कामातून गेला असेल तर भुयार.

कानवाले आले, बरोबर कार्यालयातला नवा कारकून. कानवाले ठोकत आणि सांगत, कारकून लिहीत जाई. शेहेचाळीस झाले, सगळे खणखणीत. माझ्या कमरेजवळ हातगाड्या आपटून आपटून थोडी साल सुटली होती. कानवाल्यांनी तिथे ठोकलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, ‘बद्द.’ नेमकी त्याच क्षणी माझ्या डोक्यावरून गाडी गेली. कारकून बिचारा टेबलावरचा माणूस. बद्द हा शब्द त्याने कुठल्या कागदावर पाहिला असणार? त्याला माहीत होता तो ‘रद्द’. त्याने मान वर करून विचारलं, रद्द ना? आणि कानवाल्यांनी मान हलवली. हो, हो.

मला वाटलं, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. माझ्याच गाडीने माझा घात केला म्हणून मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात.

आठ दिवसांनी यादी माझ्याच अंगावर डकवली. सत्तेचाळीस, रद्द. शिवणताईने ती वाचली आणि मशीन सोडून तरातरा कानवाल्यांना गाठायला गेली. त्यांना हाताला धरून माझ्यापर्यंत आणलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, कारकुनाची चूक आहे, उद्याच दुरुस्त करतो, काळजी करू नका ताई. ती निश्चिंत होऊन मशीनवर बसली. मीही निश्चिंत झालो. सव्वीस वर्षांची ओळख, दुसरं काय वाटणार?

तो उद्या काही उजाडला नाही.

शिवणताईने मग प्रमुखबाईंकडे अर्ज दिला. त्या स्वतः आल्या. सोबत अधिकारी, तिसऱ्या मजल्यावरच्या बायका, दुकानदार. गाड्या थांबवल्या होत्या. प्रमुखबाई कानवाल्यांना म्हणाल्या, आमच्यासमोर एकदा वाजवून दाखवा.

कानवाल्यांनी हातोडी काढली, कान लावला आणि ठोकलं. मित्रांनो, मी जीव ओतून वाजलो. पुलापर्यंत नाद गेला. शिवणताई म्हणालीसुद्धा, खणखणीत वाजला की! एका अधिकाऱ्याने तिला विचारलं, बाई, तुम्ही शिवणकाम करता ना? सगळे कानवाल्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि कानवाले प्रमुखबाईंच्या तोंडाकडे.

‘यादीत आहे तेच बरोबर,’ ते म्हणाले.

मंडळी पांगली. शिवणताई मशीनला कापड गुंडाळायला लागली. ती वळल्यावर कानवाल्यांनी माझ्यावर डोकं टेकलं.

‘दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही रे,’ ते हळूच म्हणाले. ‘तुझ्याच गाडीखाली उभं राहून राहून कान गेले. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. यादी बदलायला गेलो असतो तर विचारलं असतं, न ऐकता हो कसं म्हणालास? कानवाले म्हणतात मला. कान नाहीत म्हणून सांगू?’

म्हणजे दोन वर्षं ते माझा आवाज न ऐकताच मला खणखणीत म्हणत होते! पाठांतर म्हणून! साल सुटलेली बोटांना कळली, पण आतला नाद बोटांना कुठला कळायला? आणि जेव्हा एकदाच ते पाठ केलेलं म्हणायची गरज होती, तेव्हा त्यांचा धीर सुटला. खरं सांगू? मला तोडायला निघालेल्यांचा इतका राग आला नाही.

भुयार झालं. नवी गाडी चांगली आहे म्हणतात, गार हवा लागते. ज्यांना डोक्यावर घेतलं, ते आता पायाखालून जातात. शिवणताईचं गिऱ्हाईक जिना उतरून परस्पर निघून गेलं. तिने दोन महिने वाट पाहिली, मग मशीन विकून टाकलं.

मला पाडायला आले तेव्हा कमरेजवळचा तो पोपडा पहिल्याच ठोक्याला गळून पडला. त्यानंतर घण उसळून परत यायला लागले. एका दिवसाचं काम, तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी घणवाल्याने हात झटकत साथीदाराला हाक मारली, ‘अरे, हा तर खणखणीत आहे!’

कानवाले दहा पावलांवर उभे होते. त्यांना ते ऐकू आलं नाही.

मित्रांनो, कोणाला ठोकून बघायची पाळी आली तर त्याचा आवाज नीट ऐका. आणि ऐकू येत नसेल तर तसं सांगा. त्याने तुमची शान जाईल, पण दुसऱ्याचा जीव वाचेल.

कानवाले अजून येतात. माझ्यावर बसतात आणि सवयीने बोटांनी ठोकतात. मी त्यांना माफ केलेलं नाही. तरी ठोकलं की मी वाजतो, आणि खणखणीतच वाजतो. ते नुसते माझ्याकडे बघत बसतात.