फुलांमधलं काळं

चांदी घासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सांगलीला आमच्या देवघरातलं तबक, निरांजन मीच घासायची, आणि कुठे काळा ठिपका राहिला तर आई भांडं मुकाट्याने परत माझ्या हातात द्यायची. तो तोरा मी हायडेलबर्गलाही घेऊन आले होते.

माझे यजमान श्रीरंग विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. खालच्या मजल्यावर रूथ राहायची, एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याची बायको. परक्या गावात दुपार काढायला आम्हा दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

सत्तावन्न साली तिची आई तिकडे अमेरिकेत वारली. रूथला शेवटचं दर्शनही मिळालं नाही. दोन महिन्यांनी एक लाकडी पेटी आली. आत वाढायचे चांदीचे चार नग : डाव, काटा, पळी आणि केक उचलायची उलथणी. रूथच्या आजीच्या लग्नातले. दांड्यांवर गुलाबांची दाटी, आणि पाकळ्यांच्या खाचांत काळं बसलेलं. रूथ बराच वेळ रडली. मग म्हणाली, ‘‘रविवारी दोघं जेवायला या. ह्याच डाव-पळ्यांनी वाढीन.’’

शनिवारी ती बाजारात गेली आणि ओव्हनवर लक्ष ठेवायला मला सांगून गेली. मला वाटलं, म्हातारी आजारी होती, कोण घासणार बिचारीची भांडी. शेगडीतली राख चाळली, व्हिनेगर घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि दोन तास पाकळीन् पाकळी खरवडून काढली. रूथ किती खूश होईल, म्हणून गुणगुणतसुद्धा होते मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रूथ आली. टेबलावर सगळं पांढरंशुभ्र चकाकत होतं. तिने डाव उचलला, उजेडात धरला.

‘‘आई ते काळं मुद्दाम ठेवायची,’’ ती म्हणाली. ‘‘वरवर फडकं फिरवायची, पण फुलांना कुणाला हात लावू द्यायची नाही. मलासुद्धा नाही.’’

आता गुलाब सपाट दिसत होते, कालच दुकानातून आणल्यासारखे. मी इंग्रजीत माफी मागितली, जर्मनमध्ये मागितली, शेवटी मराठीत रडले. रूथने माझी पाठ थोपटली. ती चिडली असती तर मला सोसलं असतं.

तिने चारही नग पेटीत ठेवले आणि पेटी माझ्या हातात दिली. ‘‘तू घेऊन जा, मालिनी. मला ही भांडी आता ओळखू येत नाहीत.’’

रविवारच्या जेवणाचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी पेटी उघडली. डाव हातात तोलून पाहिला, मागचा स्टर्लिंगचा शिक्का वाचला आणि हरखून गेले.

‘‘अगं, अस्सल चांदी आहे ही. एवढं काय केलंस तू तिच्यासाठी?’’