मिरच्यांच्या शेजारचा जुना चहा

मित्रांनो, वय वाढेल तसतसा मोठेपणा वाढावा, अशा गोष्टी या जगात फार थोड्या आहेत. डोंगर, ज्ञान आणि मी. मी एक जुना चहा आहे. माझ्या मुलखात मला नातवंडांसाठी राखून ठेवतात. सोलापुरात मात्र जगदेवीबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "अवो, ही गोवरी कुणी दिली? आन कागदात गुंडाळून?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी गोल आहे, चपटा आहे, काळपट आहे. आरशाची आणि माझी गाठ पडली तेव्हा मलाही क्षणभर शंका आली होती.

माझा जन्म चीनमधल्या एका डोंगराळ गावातला. तिथल्या बायकांनी माझी पानं खुडली, कढईत परतली, वाळवली. मग वाफ देऊन, फडक्यात बांधून, दगडाखाली दाबून मला असं गोल केलं आणि सांगितलं, आता पडून राहा. मित्रांनो, नुसतं पडून राहिल्यानं किंमत वाढते हे भाग्य फक्त माझं. परीक्षेच्या दिवसांत हा प्रयोग तुम्ही करू नका.

पुढे अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात चीनची नवी यंत्रं आली. ती बसवायला एक चिनी फिटर आला आणि त्याच्या पेटीतून मी आलो. कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते जगदेवीबाईंचे यजमान, मल्लिनाथ. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. शेवटचं यंत्र चालू झालं तेव्हा फिटरनं मला मल्लिनाथांच्या हातात दिलं, खोल श्वास घेऊन दाखवला आणि हात हळूहळू वर वर नेला. त्याला म्हणायचं होतं, याला श्वास घेऊ द्या, याचा दर्जा वाढत जाईल. मल्लिनाथांना कळलं, याला उंचावर ठेवा.

स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर माझी स्थापना झाली. माझ्या उजवीकडे काळा मसाला, डावीकडे लसणाची चटणी, मागे हिंग. जुना चहा स्वभावानं भोळा असतो. शेजाऱ्याचा वास तो आपलाच समजतो. तिथे माझी कित्येक वर्षं गेली.

एव्हाना मल्लिनाथ निवृत्त झाले होते. रोज दुपारी त्यांचे जुने मित्र रहिमतुल्ला यायचे. ते पूर्वी कारखान्यातले टॉवेल टेम्पोतून पोहोचवायचे. दोघं ओट्यावर बसून गोड, दुधाळ चहा प्यायचे आणि साऱ्या शहराचं वाईट बोलायचे. फार सुखाचे दिवस होते.

मग मल्लिनाथांना साखर निघाली. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली, दूधही बंद केलं. रहिमतुल्ला येत राहिले. जगदेवीबाई त्यांना कप द्यायच्या आणि मल्लिनाथ त्या कपाकडे बघत बसायचे. एक दिवस रहिमतुल्लांनी भरलेला कप खाली ठेवला.

"भाभी, ये ऐसा देखते बैठता. मेरे गले से नीचे उतरतीच नै."

"मग नको येत जाऊ!" मल्लिनाथ म्हणाले. माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांना उलटं म्हणायचं असतं. पण रहिमतुल्लांनी ते सुलट घेतलं.

ओटा ओस पडला. मल्लिनाथ घरात 'हूं' आणि 'उंहूं' एवढ्या दोन शब्दांत संसार करू लागले. जेवण निम्म्यावर आलं. जगदेवीबाईंना साखरेपेक्षा या मुकेपणाची धास्ती वाटू लागली आणि त्या धास्तीत त्यांना मी आठवलो.

"तो चीनचा मानूस बिनदुधाचा, बिनसाकरेचा च्या प्यायचा म्हनं की! दोघास्नी एकच च्या मिळंल."

त्यांनी मला खाली काढलं आणि हुंगलं. "मसाल्याचा वास लागलाय. ऊन दाकवू." मला गच्चीवर नेऊन त्यांनी लाल मिरच्यांच्या शेजारी मांडलं. सोलापूरचा मे महिना होता. मी भाजलो, कोरडा ठक्क झालो आणि वर मिरच्यांचा तिखट वास सगळा प्यालो.

मग रहिमतुल्लांना निरोप गेला. खलबत्त्यात कुटून माझा एक तुकडा खळखळा उकळला गेला. रहिमतुल्लांनी घोट घेतला आणि लागोपाठ शिंकले.

"भाभी, चाय है क्या मिरची का पानी?"

मल्लिनाथांना ठसका लागला. डोळे पुसत ते उठले. "ऱ्हाऊ दे. आता च्या आपल्या नशिबात न्हाय." ते आत गेले. रहिमतुल्ला थोडा वेळ बसले आणि चप्पल घालून निघून गेले. त्या दिवशी मला माझ्या थोरवीची पहिल्यांदा लाज वाटली.

जगदेवीबाई मात्र हरल्या नाहीत. त्या एरंडेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आल्या.

"आत्या, थांबा!" त्यांची सून पायल ओरडली. "चहा हाय तो!"

"मग काय झालं? तूरडाळीला लावतोच की आपण. वर्षभर कीड लागत न्हाय."

पायलनं बाटली काढून घेतली आणि मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. जुना चहा उन्हात ठेवू नये, वासाजवळ ठेवू नये, घट्ट कोंडूही नये. पिण्याआधी काही आठवडे पापुद्रे सुटे करून मातीच्या भांड्यात मोकळे ठेवावेत.

"म्हंजी बाळंतीन हाय की ही!" जगदेवीबाई म्हणाल्या. "ऊन न्हाय, वास न्हाय, वारं बेतानं. असं आदी सांगायचं!"

मग काय विचारता! बोथट सुरीनं माझे पापुद्रे सोडवले गेले. नवं मडकं आलं. त्याच्या तोंडाला पातळ फडकं बांधून ते स्वयंपाकघरापासून लांब, मधल्या खोलीत सावलीत ठेवलं. हवा फार कोरडी म्हणून जरा अंतरावर पाण्याची वाटी ठेवली. अधूनमधून मला सुपात पसरून हलक्या हातानं वरखाली करायचे.

मल्लिनाथ आधी कुचेष्टा करायचे. "चहाला मधली खोली, मला ओटा!" पण एक दिवस मडक्यात नाक घालून ते म्हणाले, "हिंग गेला." पुढे एकदा, "मिरची अजून हाय, पन दमलीय." बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारा माणूस तो. रोज हुंगू लागला, रोज बोलू लागला. घरात 'हूं' ऐकू येईना.

पावसाळा सरता सरता मल्लिनाथ स्वतः रहिमतुल्लांच्या दारात गेले. "चल की रं, बघून तर घे."

या वेळी उकळतं पाणी माझ्यावर ओतलं आणि पानं धुऊन निघालेलं ते पहिलं पाणी फेकून दिलं. "फेकायचंच तर वतायचं कशाला?" जगदेवीबाई पुटपुटल्या. दुसरं पाणी तांबूस उतरलं. रहिमतुल्ला प्यायले. मल्लिनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मीही बघत होतो.

"मल्लू, पुराने लकड़ी का वास आता. अच्छा नै है."

मल्लिनाथांची मान खाली गेली.

"लेकिन बुरा भी नै. कल फिर देखते."

"उद्या कशाला? पाला तोच चालतो. थांब, अजून पानी वततो." आणि दोघांनी शहराचं वाईट बोलायला सुरुवात केली.

मित्रांनो, तेव्हापासून रोज दुपारी मी थोडा थोडा संपतो आहे. आता पाव उरलो असेन. दुःख नाही, फळीवर शंभर वर्षं जगण्यापेक्षा हे बरं. जुन्या वस्तूंना जपा, तशी जुनी माणसंही जपा. त्यांना कोंडू नका, फार ऊन दाखवू नका, बेतानं वारं लागू द्या. कधी आमच्या ओट्यावर आलात तर तुमचंही स्वागत आहे. येताना खारी आणलीत तर खुशाल खा. फक्त माझ्यात बुडवू नका.