खालच्या कुरणाचे तीस तुकडे

आमच्या तोरतायमध्ये घरं अडतीस आणि शहाणेही अडतीस. घरटी एक. बायकांना त्यात कुणी धरत नाही, नाहीतर आकडा वाढला असता. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. कुणाचं डोकं कितपत चालतं हे मी वह्या तपासून जाणते, त्यामुळे माझ्यासमोर कुणी फुशारकी मारू नये.

गावाखाली नऊ हेक्टरचं कुरण आहे. म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून वाटावं की अख्ख्या किर्गिझ मुलखाचे घोडे तिथंच पोसले जातात. प्रत्यक्षात दोन घोडे चरतात आणि त्यांतला एक लंगडा आहे. जिल्ह्यानं त्या कुरणाचे तीस प्लॉट पाडायचा आराखडा पाठवला. विजेचे खांब, पाण्याची लाइन, सगळं धरून. ज्या तरुण कुटुंबांना स्वतःचं घर नाही त्यांना एकेक प्लॉट. मोठ्या अटी दोन, बाकीच्या बारीक अक्षरात. तीन वर्षांत घर बांधून तिथंच राहायचं, आणि गावसभेत अडतीसपैकी सव्वीस घरांनी हात वर करायचे.

यादीत सतराव्या नंबरावर माझी मुलगी होती, आयसालकीन. नवऱ्यानं रशियात दुसरा संसार थाटला, तेव्हा ती दोन पोरी घेऊन माघारी आली. त्याला चार वर्षं झाली. माझं घर रीतीप्रमाणे धाकट्या मुलाचं, म्हणजे तिलेकचं. त्याची बायको जिबेक दारात उभी राहिली की दार भरून जातं, इतकं तिचं मन मोठं. आयसालकीन परसातल्या लोखंडी वॅगनमध्ये राहते. पूर्वी मेंढपाळ असल्या वॅगन डोंगरावर ओढून न्यायचे. जानेवारीत तिच्या भिंतीला आतून बर्फ धरतं आणि थोरली नात कानटोपी घालून झोपते. मला त्या तीस प्लॉटांतला एक हवा होता, बाकीचे एकोणतीस खड्ड्यात गेले तरी चाललं असतं.

पहिली सभा आमच्याच अंगणात झाली, कारण अंगण मोठं आणि फुकट स्वयंपाक करणाऱ्या दोन बायका घरात. जिल्ह्याहून मिरलान नावाचा मोजणीदार आला होता, अठ्ठावीस वर्षांचा, गुळगुळीत. गावप्रमुख जुमादिलनं त्याच्या हातातला नकाशा घेऊन कुंपणावर टांगला तो उलटा. दक्षिण वर. मोजणीदार खाली कुरण बघायला गेला होता. मी मुद्दामच बोलले नाही. म्हाताऱ्यांनी तासभर त्या नकाशावर चर्चा केली.

"हा इथं ओढा दिसतोय," असानबाय आबा काठीनं दाखवत म्हणाले.

"तो रस्ता आहे, आबा," जुमादिल म्हणाला.

"ओढाच. मी पंचाहत्तर वर्षं बघतोय."

"आराखडा चांगला केलाय पण," दुसरा म्हणाला. "उतार बरोब्बर घेतलाय."

कोचकोन आबा एकटे नकाशाकडे पाठ करून बसले होते. वय ब्याऐंशी, गावात सगळ्यांत थोरले. त्यांच्या भाऊबंदांची चौदा घरं त्यांच्या भुवईकडे बघून हात वर करतात. भुवई त्या दिवशी बरी होती. ते म्हणालेसुद्धा, "पोरांना घरं पाहिजेत. कुरणाचं काय, मेल्यावर आपणही गवतच होणार." आयसालकीन तेव्हा चहा ओतत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला तिचे दात दिसले.

मग जेवण आलं आणि गावानं अक्कल गुंडाळून ठेवली.

आमच्याकडे मटण असंच वाढत नाहीत. प्रत्येक हाडाला मान असतो आणि प्रत्येक माणसाला त्याचं हाड. जांबाश, म्हणजे कमरेचं हाड, सगळ्यांत थोरल्याला. गावनिधीतून एकच मेंढी कापलेली, म्हणजे जांबाश दोन. जुमादिल स्वतः वाढायला उभा राहिला. पहिलं जांबाश त्यानं मोजणीदारासमोर ठेवलं, साहेब खूश व्हावा म्हणून. दुसरं असानबाय आबांना दिलं, कारण ते त्याचे सासरे. कोचकोन आबांच्या ताटात पडलं पुढच्या पायाचं हाड. असलं हाड आम्ही जावयाच्या ड्रायव्हरला देतो.

मिरलानला यातलं काही कळलं नाही. तो हाडावरचं मांस सुरीनं कापत म्हणाला, "फारच मऊ शिजलंय."

आबांनी ताटाकडे पाहिलं. मग हात पुसले, टोपी सारखी केली आणि उठले.

"कुरण वाटायचं नाही," ते म्हणाले. "कुरणात आमच्या बापजाद्यांचा घाम आहे."

"आबा, आत्ता तर तुम्ही म्हणालात..." जुमादिल धावला.

"आत्ता मला भूक होती."

त्यांच्यासकट चौदा माणसं उठून गेली. काहींच्या तोंडात घास होता. उरलेल्या चोवीस जणांनी हात वर केले आणि आराखडा दोन हातांनी पडला. विजेचे खांब, पाणी, तीस घरं, सगळं एका हाडापायी गेलं. कागदावर जुमादिलनं लिहिलं की ग्रामस्थांना पर्यावरणाची काळजी वाटते.

मी दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी जुमादिल आला, दारातच उभा राहिला, टोपी हातात. शिक्षिकेला आमच्याकडे एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण.

"एजे, काहीतरी करा. तुमचा शब्द आबा ऐकतात. त्यांच्या सगळ्या पोरांना तुम्ही शिकवलंय."

"शिकवलं म्हणूनच सांगते, त्यांच्या घराण्यात ऐकायची पद्धत नाही. त्यांना जांबाश पाहिजे."

"मग एक मेंढी..."

"गावनिधीतून काप."

"निधी संपला."

माझ्याकडे मेंढ्या उरल्या नव्हत्या. आयसालकीनकडे दोन होत्या. पोरींच्या दुधासाठी ठेवलेल्या. मी तिच्याकडे जाऊन मेंढ्यांकडे बघत उभी राहिले. तीच म्हणाली, "काळ्या तोंडाची घे, आपा." आमच्यात आईला आपा म्हणतात. "प्लॉट मिळाला तर मेंढ्या काय, परत होतील." आता आठवलं तरी मला माझीच लाज वाटते. दोन दिवस मी ज्यांना हसत होते त्यांच्याच पंगतीत मी जाऊन बसले होते, आणि तेही लेकीच्या मेंढीवर.

कोचकोन आबा आले ते नवी टोपी घालून. त्यांना वरच्या जागी, दारासमोरच्या भिंतीला टेकून बसवलं. दोन्ही जांबाश त्यांच्याच ताटात ठेवले, म्हणजे पुढचं भांडण नको. त्यांनी दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू घरात पोर जन्मलं. तासभर खाल्लं. मिशीला चरबी लागली होती, ती पुसा म्हणायची कुणी हिंमत करीना.

शेवटी आयसालकीन त्यांच्या हातावर पाणी घालायला तस्त घेऊन बसली. तेव्हा ते माझ्याकडे बघून बोलले.

"मी विचार केलाय, सादात. प्लॉट पाडायला माझी हरकत नाही."

"देव तुमचं भलं करो, आबा."

"पण यादी नीट करायला हवी. यादीत मुली आहेत. माघारी आलेल्या. मुलीची जमीन नवऱ्याच्या गावात असते. तिला इथं दिली तर उद्या कुठल्या तरी परक्या गावचा माणूस येऊन आपल्या कुरणात बसेल." त्यांनी बोटं झटकली. "अशा चार आहेत. त्या काढा."

त्या चौघींतली एक त्यांच्याच हातावर पाणी घालत होती. तिनं पाणी घातलं, टॉवेल दिला, तस्त उचलून बाहेर गेली. आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला म्हणाले, "मटण छान होतं. घरचीच मेंढी ना?"

मी हो म्हणाले. तेवढीच अक्कल मला सुचली.

दुसरी सभा शाळेच्या वर्गात झाली. माझ्याच वर्गात, त्याच बुटक्या बाकांवर हे सगळे गुडघे हनुवटीला लावून बसले. चार नावं खोडायला कुणाचाच विरोध नव्हता. तोरतायमध्ये इतकं एकमत मी लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही. असानबाय आणि कोचकोन एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. चार बायकांचा विषय निघाला की दोन वैऱ्यांत मैत्री होते, हे बघून मला शिसारी आली.

"आता चार जागा रिकाम्या," जुमादिल म्हणाला. "जिल्ह्याला तीस नावं हवीत." मग तो माझ्याकडे बघून गोड हसला. "एजे, तुमचं घर आम्ही विसरलेलो नाही. सतरा नंबरला तिलेकचं नाव घालतो. तुमच्या घरात दाटी आहेच."

तिलेक मागच्या बाकावर बसला होता. त्याचे कान लाल झाले, पण तो नको म्हणाला नाही. जिबेक खिडकीबाहेर उभी होती. तिचा आनंद काचेतून आत आला.

फुकटचा प्लॉट, पुढंमागं विकता येईल, राहायला आईचं घर आहेच. सगळ्यांच्या मनात तेच होतं. आणि माझं तोंड बंद होईल, हेही.

"माझी हरकत नाही," मी म्हणाले. "हात वर करा."

अडतीस हात वर गेले. अडतिसावा माझा. जुमादिलनं नावं लिहिली, आबांनी पहिली सही केली, मोठ्या अक्षरात, जीभ बाहेर काढून. जिल्ह्याहून पुन्हा आलेल्या मिरलाननं शिक्का मारला.

"आता अट वाचून दाखव," मी मिरलानला म्हणाले.

त्यानं वाचली. प्लॉटधारकाच्या नावावर किंवा वापरात दुसरं घर असू नये. नोंदणी आजपासून प्लॉटवर. तीन वर्षांत बांधकाम करून वास्तव्य.

"म्हणजे तिलेक आजपासून माझ्या घरात राहत नाही," मी म्हणाले.

वर्गात कुणीतरी खोकलं. जुमादिल म्हणाला, "एजे, ते कागदावर असतं. कुणी बघायला येत नाही."

"मी बघते. घर माझ्या नावावर आहे. पोरांचे वडील गेले तेव्हापासून. जागा रिकामी झाली, तिथं मुलगी राहील."

कोचकोन आबांची भुवई वर गेली. "चूल धाकट्या मुलाची असते, सादात. आपल्यात कुणी असं केलं नाही."

"नसेल केलं. तुम्ही आत्ताच सही केलीत, आबा. पहिली तुमचीच आहे."

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग शेजाऱ्याकडे. कागद फाडावा असं काही जणांच्या मनात आलं असेल, पण मग बाकीचे एकोणतीस प्लॉटही फाटले असते, आणि त्यांतले अकरा त्यांच्याच नातवांचे होते. सगळे बाकांतून अवघडत उठले आणि निघून गेले. जाताना कुणी मला सलाम केला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. तसल्या सलामाचं मी काय करू?

घरी जिबेक ओरडली, रडली, माहेरी जाईन म्हणाली. मी म्हटलं, जा, तिकडं तुला प्लॉट देतील का विचार. ती गेली नाही.

"आपा, घर बांधून होईपर्यंत आम्ही कुठं जायचं?" तिलेकनं विचारलं.

"वॅगन मोकळी झालीय."

त्यानं वाद घातला नाही. तो कधीच घालत नाही, म्हणून तर त्याची बहीण चार वर्षं तिथं राहिली. संध्याकाळच्या आत आयसालकीननं गाद्या आणल्या, पोरींनी आपल्या वह्या खिडकीत रचल्या. तिलेकनं आपली पेटी ओढत परसात नेली. वाकलेली त्याची पाठ मी खिडकीतून बघत राहिले. तो माझा लाडका आहे, हे मी कशाला नाकारू?

ऑक्टोबर संपत आला होता. मी त्याला लाकडं नेऊन दिली. आयसालकीनला देत होते तेवढीच.